कल्हई लावलेला सूर

या, अशा जवळ या. उंबऱ्याला चिकटून परक्यासारखं काय बसलात? आणि त्या खुंटीवरच्या भांड्यांना हात लावायच्या आधी माणसानं विचारावं की नाही? येणारं प्रत्येक माणूस तेच करतं. बघतं, म्हणतं, "अगं बाई, पालथी कशी टांगलीत ही?" आणि सरळ करायला जातं. एका पाव्हणीनं तर त्यात भुईमुगाच्या शेंगा भरून ठेवल्या होत्या. पालथीच असतात ती. डबे नाहीत, झाकणं नाहीत, कुंड्या तर मुळीच नाहीत. आता नीट बसा, पाय पसरा. सांगते.

आमच्या गफूरमामूची आहेत ती.

गफूरमामू म्हणजे सेलूचा मन्यार. घरोघर जाऊन बायकांच्या हातात बांगड्या भरायचा. तेव्हा राज्य निजामाचं. बांगड्यांच्या पेट्या रेल्वेनं यायच्या आणि मामू स्टेशनावर जाऊन एकेक पेटी कानाशी धरून हलवायचा, आत फुटलंय का ते नुसतं ऐकून सांगायचा. पण ते धंद्याचं झालं. त्याची खरी खोड वेगळीच. मामू कुठल्याही घरात शिरला की आधी भांडं वाजवायचा.

पटवारी कानावर कलम खोचतो ना, तशी मामूच्या कानावर बाभळीची काडी असायची. दारात आला, सलाम केला, बांगड्यांचं ओझं उतरवलं की काडी काढायची आणि समोर जे पितळेचं-तांब्याचं दिसेल त्यावर टिंग! घागर म्हणू नका, परात म्हणू नका, पळी म्हणू नका. मग डोळे मिटायचे, मान तिरकी करायची आणि निकाल द्यायचा. "बराबर", नाहीतर "बेसूर". दोनच निकाल. मामूच्या कचेरीत तारीख पडत नव्हती.

एका वकिलाच्या बायकोनं कौतुकानं नवा पानाचा डबा पुढं केला. मामू म्हणाला, "बेसूर." त्या बाईनं डबा परत पाठवला आणि तो करणारा कारागीर मामूला रस्त्यात बघितलं की तोंड फिरवायचा. मारुतीच्या देवळावरून जाताना मामूनं बाहेरूनच गुरवाला विचारलं, "काय हो महाराज, इस घंटे से देव कू उठाते की डराते?" गुरव हसला, पण दुसऱ्या दिवशी घंटेचा लोळा बदलला की बिचाऱ्यानं.

आमच्या घरी मामूसाठी ओसरीच्या भिंतीतल्या देवळीत वेगळा तांब्या ठेवलेला असायचा. तेव्हाची रीतच तशी. कुणी ठरवली म्हणून कुणी विचारत नव्हतं. मामू आला की तो तांब्या वाजवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "बेसूर. इसका पानी गले में अटकता." मग ओंजळ पुढं करायचा आणि मी वरून घागरीतलं पाणी घालायची. आतून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडायच्या, "गफूरभाई, पाण्याला कुटं सूर असतोय का? प्या की गपगुमान!"

"पानी कू नहीं रहता अक्का, लोटे कू रहता."

"त्यो तांब्या माझ्या लग्नातला हाय!"

"तो फिर शादी की भीड़ में किसी ने सुना नहीं होगा."

आत्याबाईंशी असं बोलणारा सेलूत दुसरा माणूस नव्हता. आमच्या आत्याबाई म्हणजे कडक. चूक विसरणं त्यांच्या कुंडलीत नव्हतं. मी ताडकळसची लेक, नवी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ताकाचा माठ कलंडवला. ते ताक वाळून गेलं, माठ फुटून नवा आला, तरी पाव्हण्यांना माझी ओळख व्हायची ती, "ही धाकटी. ताक सांडणारी."

मामूनं पहिल्यांदा माझा हात धरला तो बांगड्या भरायला. तीनदा भरली, तीनदा फुटली. तो थांबला. म्हणाला, "हात नरम हाय बेटी. अंदर से आकडलीस तू. मामा कौन तेरा?"

मी म्हणाले, "मला मामा न्हाई. लहानपणीच वारला."

"तो मैं. वहाँ का कायदा अलग हाय. वहाँ बाप से मामा बडा."

हे "वहाँ" म्हणजे कुठं, ते आता सांगायला हवं. नाहीतर तुम्ही समजाल परभणी.

मामू तरुणपणी काकाबरोबर बांगड्यांचा माल आणायला मुंबईला गेला आणि काकाची नजर चुकवून हाजी लोकांच्या जहाजावर चढला. भटारखान्यात कांदे चिरायला. जहाज मक्केच्या वाटेचे हाजी उतरवून परतीचे हाजी घेऊन गेलं थेट सुमात्रा बेटाला, पादांग नावाच्या बंदराला. तिथं मामू तापानं फणफणला. एका हाजी म्हाताऱ्यानं त्याला उचलून डोंगरातल्या आपल्या गावी नेलं. त्या लोकांना मिनांगकाबाव म्हणतात. हे नाव आम्ही सगळ्या बायकांनी पाठ केलं होतं, भीमरूपीसारखं. ताप उतरला, पण मामू काही उतरला नाही. त्याच घरात त्याचं लग्न झालं आणि बरीच वर्षं तो तिथंच राहिला.

आता ऐका गंमत. त्या मुलखात घर बायकांचं. शेत बायकांचं. आईचं लेकीकडं, लेकीचं नातीकडं. घराचं छप्पर म्हशीच्या शिंगांसारखं दोन्हीकडं वर गेलेलं. आणि लग्न झालं की नवरी कुठं जात नाही, नवरदेव नांदायला येतो!

मामू बांगड्या भरता भरता हे सांगायचा आणि बायकांना बांगडी कधी चढली कळायचं नाही. आत्याबाईंना ती चाल लय पटायची आणि लय खटकायचीही. लेकीचा विचार केला की पटायची, लेकांचा विचार केला की खटकायची.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, गोदाबाईंनी, एकदा विचारलं, "मामू, मग नवरदेव रडतो का वो, घर सोडताना?"

"दुसरों का मालूम नहीं," मामू म्हणाला. "मैं तो बहुत रोया. सासू ने पल्लू दी नाक पुसने कू."

आम्ही पोट धरधरून हसलो. आत्याबाईसुद्धा. पदराआड.

आता ही भांडी. तिकडं यांना तालेम्पोंग म्हणतात. बघा, पितळेची, मधोमध लिंबाएवढा उंचवटा. त्या उंचवट्यावर काडीनं मारायचं. एका माणसानं डाव्या हाताच्या बोटांत दोन अडकवायची, एक वर, एक खाली, उजव्या हातानं वाजवायची. अशी तीन माणसं. मामू सांगायचा, पहिली जोडी नर, दुसरी मादी आणि तिसरी त्या दोघांचं लगीन लावणारी. पहिलीनं वाजवून जागा सोडायची, त्या जागेत दुसरीनं यायचं, दोघींत उरलेल्या फटीत तिसरीनं. एकट्याच्या हातात गाणं नसतंच. टिंग-टांग, टिंग-टांग, एवढंच. गाणं तिघांच्या मधे कुठंतरी असतं. तिकडं लग्नात बायकाच वाजवत वाजवत पुढं चालतात, नवरदेवाला घरी आणायला. मामूला आणताना जोड्या होत्या त्याच्या सासूच्या, मेहुणीच्या आणि खुद्द नवरीच्या हातात.

ती त्याची बायको पुढं तापानं गेली. मामूचं मन तिथं रमेना. निघाला तेव्हा सासूनं सहाच्या सहा त्याच्या गाठोड्यात बांधून दिली. म्हणाली, नुसती ठेवू नको. जिथं जाशील तिथं तिघं जमव आणि वाजव. नाहीतर ही भांडीच.

मामूनं तिला हो म्हटलं. आणि इथं सेलूत येऊन अडकला. कारण भांडी सहा, माणूस एक.

त्यानं प्रयत्न थोडे केले असं नाही. आधी लग्नाच्या बँडवाल्यांना धरलं. ते म्हणाले, आम्हाला सबंध गाणं द्या, असले तुकडे आम्ही वाजवत नाही. मग भजनी मंडळाला विचारलं. टाळकरी माणसं गुणी, पण टाळ सगळ्यांनी एकदम वाजवायची सवय. मामू म्हणायचा, "आप रुको, इनकू बजाने दो," आणि ते म्हणायचे, "थांबलो तर विठ्ठलाला काय वाटंल?" शेवटी मामूनं एक जोडी लिंबाच्या फांदीला टांगली, एक शेळीच्या गळ्यात बांधली आणि एक स्वतः धरून बसला. शेळीनं फांदीचा पाला खाल्ला आणि जोडीसकट कापसाच्या जिनिंगच्या दिशेनं निघून गेली. सगळी गल्ली मागं धावली. शेळी सापडली, जोडी सापडली. मामू म्हणाला, "बकरी का ताल अच्छा था, लेकिन बैठक नहीं."

हसायचा तो. पण एकटा असला की घराच्या पायरीवर बसून एकच जोडी वाजवायचा आणि मधे मधे थांबायचा. दुसऱ्या दोघींची जागा सोडायचा. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला विसर पडला.

मग आमच्या सखूचं, म्हणजे माझ्या नणंदेचं, मानवतला लग्न ठरलं. घरात हळद कुटायला काढली. मागच्या अंगणात उखळ, उखळात हळकुंडं आणि मुसळं तीन. गोदाबाई, सखू आणि मी. गोदाबाईंची आणि माझी त्या दिवसांत बोलचाल बंद होती. लोणच्याच्या बरणीवरून काहीतरी झालं होतं, काय ते देवाला ठाऊक. पण मुसळ चालवायला बोलावं कुठं लागतं? एकीचं वर, एकीचं वाटेत, एकीचं उखळात. धप्प, धप्प, धप्प. चुकलं तर मुसळावर मुसळ आपटणार, नाहीतर कुणाचा तरी हात जाणार. म्हणून चुकत नाही.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. वळून बघतो तर मागच्या दारात मामू, आणि लग्नासाठी आणलेल्या हिरव्या चुड्याचा जमिनीवर चुरा.

"रुकू नको!" मामू ओरडला. "कोई रुकू नको!"

आत्याबाई आतून झाडणी घेऊन धावत आल्या. "काय झालं? साप हाय का? कुटं हाय?"

"साप नहीं अक्का! तीन हैं! तीन!"

"तीन साप?"

"तीन बजानेवाले! तुम्हारे घर में थे, और मैं बकरी के पीछे घूमा!"

समजवायला वेळ लागला. समजल्यावर आत्याबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. "सुनांनी वाजवायचं? बँडवाल्यांच्या घरच्या हाव का आमी?"

मामू म्हणाला, "अक्का, वहाँ सबसे आगे सास बजाती."

आत्याबाईंनी झाडणी खाली ठेवली. म्हणाल्या, "मागच्या अंगणात. बायका-बायकांत. हळदीच्या दिशी. आन् गाव गोळा करायचं न्हाई."

सखू तर सासरी जाणार. म्हणून जोड्या अशा वाटल्या. नर गोदाबाईंकडं, तो त्यांना शोभायचाही. लगीन लावणारी मामूकडं. आणि मादी माझ्याकडं. देताना मामूनं आपल्या सदऱ्याला पुसून दिली. म्हणाला, "ये उसकी थी." एवढंच. मी बोटांत अडकवली, तर तिच्या कडा बोटांच्या बेचक्यात अशा बसल्या, जशा कुणी घासून घासून गुळगुळीत करून ठेवल्या होत्या.

मग रोज दुपारी शिकवणी. मामूचं एकच सांगणं, "मारना सबकू आता बेटी. छोड़ना सीख." गोदाबाईंशी माझा अबोला, आणि इथं तर त्यांच्या ठोक्याची वाट बघितल्याशिवाय मला ठोका मारता येईना. त्या टिंग म्हणणार, मी टांग म्हणणार. त्या लांबवणार, मी थांबणार. बोलत नव्हतो, पण दुपारभर बोलतच तर होतो. मधल्या फटीत मामू यायचा. दोन-चार ठोके जमायचे, मग कुणीतरी घसरायचं. मामू म्हणायचा, "आया था. दरवाजे तक आया था."

जोड्या आमच्याच घरी, मागच्या खोलीत भांड्यांच्या उतरंडीशेजारी असायच्या. आणि घोटाळा तिथंच झाला.

लग्नाचं घर म्हटल्यावर सगळी भांडी कल्हईला काढली. कल्हईवाला गल्लीत बसला, भाता फुसफुसायला लागला, नवसागराचा धूर घरात. गोदाबाई आणि मी गोधड्या धुवायला नदीवर गेलो होतो. परत येतो तर आत्याबाई ओसरीवर बसलेल्या, तोंडावर अशी काही माया की आम्ही दोघी घाबरलोच.

"गफूरभाईचं बी भांडं घातलं गं मी कल्हईला," त्या म्हणाल्या. "आतनं पार काळं-हिरवं झालतं. एकटा माणूस. वाजवायचं झालं तरी भांडंच ते, घरी त्यातनंच खात आसंल, आन् कळकलेलं खाऊन पोट बिघडलं तर कोन बघायलंय त्याच्याकडं? एक झालं तवर कथील सरलं बाई. बाकीची उद्या."

पदराखालून त्यांनी ते काढलं. आतून लख्ख. आरशासारखं. माझ्या जोडीतलं, वरचं.

गोदाबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मी बोटाच्या पेरानं हळूच वाजवून बघितलं. ठप्प. ओल्या भिंतीवर थाप मारल्यासारखं. टिंग गेलं होतं.

सांगायची हिंमत कुणाची होणार? त्या बाईनं जन्मात पहिल्यांदा मामूसाठी आपणहून काही केलं होतं. आणि बिघडवलं होतं नेमकं तेच, जे बिघडायला नको होतं.

संध्याकाळी मामू आला. आत्याबाईंनी स्वतः त्याच्या पुढं ते ठेवलं. "घ्या. आता पोट दुखायचं न्हाई."

मामूनं उचललं. आत बघितलं. त्या कल्हईत त्याची दाढी, त्याचे डोळे सगळं दिसलं असणार. मग कानावरची काडी काढली आणि वाजवलं.

ठप्प.

त्यानं डोळे मिटले. मान तिरकी केली. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या. एका तांब्यासाठी पाणी नाकारणारा माणूस तो. इतका वेळ त्यानं कधीच लावला नव्हता.

"बराबर," तो म्हणाला. "अब बराबर हुआ, अक्का."

आत्याबाई खुलल्या. "बाकीची बी देते की उद्या!"

"नको! नको नको नको!" मामू धावत मागच्या खोलीत गेला आणि सहाच्या सहा पोटाशी धरून उभा राहिला. "एकच पुरे. बच्चे के गाल पे काजल का टीका कितना लगाते? एकच ना? नजर के वास्ते एक बस होता."

तो गेल्यावर परसात येऊन गोदाबाई माझ्या कानाशी लागल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी मला उद्देशून तोंड उघडलं. "अगं, मामूचा कान गेला!"

"व्हय वो बाई," मी म्हणाले. "त्याला ऐकू येईना झालंय."

आणि तिथंच, गोधड्यांच्या वळणीखाली, आमचा अबोला मिटला. दोघी डोळे पुसत ठरवून टाकलं. म्हातारा पार बहिरा व्हायच्या आत त्याला त्याचं गाणं सबंध ऐकवायचंच.

हळदीचा दिवस. मागचं अंगण बायकांनी भरलेलं. गाव गोळा करायचं नाही म्हणता म्हणता निम्मं सेलू आलं होतं. सखू पाटावर हळदीनं पिवळी. मामू तुळशीपाशी उभा, डोक्याला स्वच्छ धुतलेला रुमाल. तो म्हणाला, "वहाँ ये लाने की धुन है. यहाँ भेजने की हो जाएगी. बच्ची तो बच्ची हाय."

गोदाबाईंनी सुरुवात केली. मी शिरले. माझं खालचं भांडं टांग म्हणालं, वरचं म्हणालं ठप्प. मला लाज वाटली. पुढच्या वेळी हळूच मारलं. तर मामूनं वाजवता वाजवता डोळे वटारले. "छुपाती कायकू? जोर से मार!"

मारलं जोरानं. टिंग-टांग, टांग-ठप्प, टिंग. मुसळासारखं. वर, वाटेत, उखळात. आणि मग बाई, कधी झालं ते कळलं नाही. माझा ठोका कुठला, गोदाबाईंचा कुठला, मामूचा कुठला, हे कळेनासं झालं. तिघांच्या मधे काहीतरी उभं राहिलं आणि आपलं आपण चालायला लागलं. आम्ही फक्त त्याच्या मागं मागं. बायका टाळ्या विसरल्या. सखू पाटावर बसून रडायला लागली. आत्याबाई मान डोलवत होत्या आणि नेमक्या माझ्या ठप्पावर त्यांची मान खाली यायची. त्यांना वाटत होतं, कल्हईचंच गाणं आहे हे.

मामूच्या दाढीतून पाणी ओघळत होतं. हात मात्र चुकत नव्हता. थांबल्यावर तो कुणाकडं न बघता एवढंच म्हणाला, "आ गया. अंदर आ गया."

सखू मानवतला गेली. मांडव उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामू नेहमीसारखा आला. आत्याबाई ओसरीवर ज्वारी पाखडत बसलेल्या. मामूनं ओझं उतरवलं, देवळीतला तांब्या घेतला आणि सवयीनं काडी मारली. टण्. डोळे मिटले. मान तिरकी.

"बेसूर," मामू म्हणाला. "वहीच पुराना. गले में अटकता."

गोदाबाई आणि मी एकमेकींकडं बघतच राहिलो. कान जागेवर होता! खणखणीत होता! मग त्या संध्याकाळी...

सूप थांबलं होतं. आत्याबाईंनी मामूकडं बघितलं. मग आत, जिथं त्या जोड्या टांगल्या होत्या, तिकडं बघितलं. मग तांब्याकडं. आमच्या आत्याबाई कडक होत्या, खुळ्या नव्हत्या.

सूप खाली ठेवून त्या उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, आता भडका उडतो. बाहेर आल्या त्या हातात स्वयंपाकघरातला तांब्या घेऊन. त्यांचा स्वतःचा, रोज पाणी पिण्याचा. खाली ठेवला नाही. मामूच्या हातात दिला.

"हे वाजवून बगा," म्हणाल्या.

मामूनं वाजवलं. त्या वेळी मात्र त्यानं डोळे मिटले नाहीत. त्यांच्याकडं बघत म्हणाला, "बराबर."

आणि घटाघटा प्याला. सगळा तांब्या.

देवळीतला तांब्या त्या दिवसापासून परसात गेला, झाडांना पाणी घालायला. मामूला आतलाच मिळायला लागला.

मी पुढं एकदा मामूला एकटं गाठून विचारलंच. "मामू, कल्हईवाला म्हणत होता, तापवून काढता येती. मग तसंच का ठेवलंत? आन् बराबर म्हणून खोटं कशाला बोललात?"

मामू माझ्या हातात बांगड्या भरत होता. म्हणाला, "बेटी, मैं उस घर में नया-नया गया, तो सासू ने मेरे हाथ में जोड़ी दी. मैंने क्या किया? मर्द हूँ बोलके ऐसा ठोका, ऐसा ठोका, फट गया वो. उनकी नानी का था. सासू ने उठाया, बजाया. खर्र, ऐसा बोला वो. उनो क्या बोले मालूम? बोले, ठीक है, अब इसमें जमाई का आवाज आया. और जब तक मैं रहा, वहीच बजाए. निकलते वक्त वो खुद के पास रख ली, उसकी जगह दूसरा दी. मेरा फटा हुआ सूर उनो बरसों सुने, और मैं तेरी सास का एक ठप्प नहीं सुन सकता?"

बांगडी चढली होती. मला कळलंही नव्हतं.

बाई, त्यानंतर आमच्या घराची बोलीच बदलली. माझी भाकरी एका बाजूनं करपली तर आत्याबाई उलथण्यानं ती टकटक वाजवायच्या आणि म्हणायच्या, "बराबर हाय, खाऊ." ताक सांडणारी म्हणून माझी ओळख कधी बंद पडली, ते मला आठवतही नाही. सासर म्हणजे जे काय वाट्याला येतं, त्यात एवढं मोकळं घर मला मिळालं ते एका मन्याराच्या खोट्या बोलण्यानं. देवापुढं हात जोडते तेव्हा मी त्याचंही नाव घेते, आणि त्या डोंगरातल्या सासूचंही, जिचं नावसुद्धा मला माहीत नाही.

मामू गेला. जायच्या आधी सहाच्या सहा माझ्याकडं आणून दिली. तेच सांगून, जे त्याला सांगितलं होतं. नुसती ठेवू नको. गोदाबाई होत्या तोवर सखू माहेरपणाला आली की आम्ही तिघी अंगणात उभ्या राहायचो. आता गोदाबाई नाहीत, सखूही नाही. मी एकटीच माझी जोडी काढते, पायरीवर बसते आणि वाजवते. टांग-ठप्प, टांग-ठप्प. मधे दोघांची जागा सोडते. पोरं म्हणतात, आजीला विसर पडला.

म्हणून म्हणते, नुसतं ऐकून गप बसू नका. पुन्हा या सेलूला. येत नाही म्हणून लाजू नका. मारायला सगळ्यांना येतं, सोडायचं तेवढं मी शिकवीन. पाणी माझ्या तांब्यातलं देईन. फक्त एकट्या येऊ नका. बरोबर आणखी एक माणूस घेऊन या, आणि जरा लवकर या. तीन लागतात.